आधी तोडून बघ

मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी अम्मी खुर्चीवरून पडली. गुडघ्यांमुळे ती काही वर्षांपासून खुर्चीवर बसूनच नमाज पढते. अस्रची वेळ होती. ती बसली, जरा मागे टेकली आणि खुर्चीचा मागचा डावा पाय बाजूच्या पट्टीतून निसटला. मी शेजारच्या खोलीत वह्या तपासत होतो. आवाज ऐकून धावलो, तर अम्मी जमिनीवर आणि तिचा उजवा हात अंगाखाली. मनगटाचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर.

सगळे म्हणाले, खुर्ची जुनी झाली होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, चाळीस वर्षांचं लाकूड, कधी ना कधी दगा देणारच. अम्मीही तेच म्हणाली. मी मान हलवली. पण रात्री सगळे झोपल्यावर तो निखळलेला पाय दिव्याखाली धरून पाहिला आणि समजलं की लाकडानं दगा दिलेला नव्हता. सागवान अजून लोखंडासारखं होतं. पट्टीच्या टोकाला असलेलं कुसू, म्हणजे पायाच्या खाचेत बसणारी ती लाकडाची जीभ, पूर्ण शाबूत होती. तिच्यावर गोंदाचा एक पांढुरका पापुद्रा होता. नखानं उचलला तर कांद्याच्या सालीसारखा निघून आला. त्याला लाकडाचा एक तंतूही चिकटलेला नव्हता.

तो सांधा पाच आठवड्यांपूर्वी मीच चिकटवला होता.

खुर्ची अब्बांनी बनवलेली. अब्बा मिरजेत सुतारकाम करायचे, मी शाळेत शिकवतो. त्यांचा इंतकाल होऊन सहा वर्षं झाली. खुर्चीचा पाय थोडा हलायला लागला, तेव्हा मिस्त्रीला बोलवायचं सोडून मीच ते काम अंगावर घेतलं. सुताराच्या मुलाला एवढं येत नाही का, अशी एक गुर्मी त्यामागे होती हे कबूल करतो. माळ्यावर गोंदाचा अर्धा डबा होता, लॉकडाऊनमध्ये पुस्तकांची फळी करताना आणलेला. माळा पत्र्याखाली आहे. एप्रिल-मे महिन्यात तिथे हात लावला तरी भाजतं. तीन उन्हाळे तो डबा तिथेच होता. उघडला तर गोंद दाटसर झालेला, वर जाड साय. मी साय काढली, थोडं पाणी घातलं, काडीनं घोटलं. पांढराशुभ्र, गुळगुळीत झाला. बोटाला लावून पाहिला, बोटं चिकटली. झालं, मला वाटलं गोंद चांगला आहे.

गोंद बोटाला चिकटतो म्हणजे तो लाकडाला धरून ठेवेल, ही माझी पहिली चूक. ओला गोंद चिकटच लागतो, बिघडलेला असला तरी. खरी ताकद तो सुकल्यावर समजते, आणि सुकतो तो सांध्याच्या आत, जिथे डोळा पोचत नाही. नासलेलं दूध चहात घातलं की लगेच समजतं. नासलेला गोंद खुर्चीत घातला तर त्या दिवशी काहीच समजत नाही. खुर्ची उभी राहते, छान दिसते, आपण हात झटकून मोकळे होतो. समजतं तेव्हा कुणीतरी तिच्यावर बसलेलं असतं.

मला हे माहीत नव्हतं असं म्हणालो तर ते खोटं ठरेल. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत होतं. अब्बा गोंदाचा नवा डबा आणला की सुतारी पेन्सिलीनं झाकणावर दोन तारखा लिहायचे. एक डब्यावर छापलेली, माल तयार झाल्याची, दुसरी डबा उघडल्याची. आपण मोजतो ती विकत आणल्याची तारीख, आणि तिला तसा काही अर्थ नाही. दुकानात डबा आठ महिने पडून असला तर ते आठ महिने त्याच्या आयुष्यातून गेलेलेच असतात. पाकीटबंद मालावर महिना आणि वर्ष छापणं आपल्याकडे कायद्यानं बंधनकारक आहे, त्यामुळे ती तारीख शोधली की सापडते. मात्र मोठ्या ड्रममधून सुटा गोंद पिशवीत घेतला की ती तारीख दुकानातच राहते. अब्बा सुटा गोंद कधी घ्यायचे नाहीत. दोन पैसे जास्त गेले तरी छोटा, सीलबंद डबा घ्यायचे, तोही काम पाहून. मोठा डबा स्वस्त पडतो हे खरं, पण अर्धा वाया गेला तर तो स्वस्त कसा, हा त्यांचा हिशोब.

आणि दुसरी गोष्ट. बरेच दिवस पडून असलेला डबा काढला, तर त्यातून थेट कामाला गोंद लावायचा नाही. आदल्या संध्याकाळी लाकडाचे दोन निरुपयोगी तुकडे घ्यायचे, रंधा मारून सपाट करायचे, गोंद लावून आवळून ठेवायचे. सकाळी ते तुकडे तोडायचं काम आम्हा भावंडांचं. एक तुकडा शिकंज्यात धरायचा, दुसऱ्यावर हातोडी मारायची. त्यासाठी आमची भांडणं व्हायची. तुटलेले तुकडे घेऊन आम्ही अब्बांकडे पळायचो. ते चष्मा वर करून तुटलेली जागा पाहायचे. लाकूड फाटलेलं असेल, एका तुकड्याच्या चिंध्या दुसऱ्याला चिकटलेल्या असतील, तर गोंद पास. दोन्ही तुकडे सांध्यावरच स्वच्छ सुटे झाले असतील, तर डबा बाहेर. गोंद लाकडापेक्षा मजबूत निघाला पाहिजे, लाकूड आधी हरलं पाहिजे. घाई करणाऱ्या कारागिराला ते आमच्या घरच्या बोलीत एवढंच सांगायचे, "पैले तोडको देख, मंग लगा." आधी तोडून बघ, मग लाव.

हा धडा त्यांना पांढऱ्या गोंदानं दिलेला नव्हता. तो त्याआधीचा, सरसाचा होता.

आमच्या मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. इथली शिकलगार घराणी मूळची हत्यारांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात तलवारींचं काम आटत गेलं तसे त्यातले काही जण सतार-तंबोऱ्याकडे वळले, आणि आज मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन आहे, २०२४ साली मिळालेलं. अब्बा तंतुवाद्यांचे कारागीर नव्हते. पण लहानपणी त्या गल्लीत फळ्या तासायला, भोपळे उचलायला जायचे. सरस शिजवणं ते तिथे शिकले.

सरस म्हणजे जनावरांची कातडी आणि हाडं उकळून केलेला गोंद. फारसीतला सरेश आपल्याकडे येऊन सरस झाला. मराठीत त्याच उच्चाराचा 'चांगला' या अर्थाचा शब्द आधीच होता, त्यामुळे अब्बांना एक कायमचा विनोद मिळाला होता. ताजा असला तर सरस, शिळा झाला की निरस. सुक्या सरसाच्या वड्या किंवा दाणे कोरड्या जागी वर्षानुवर्षं टिकतात. पण एकदा पाण्यात भिजवला की घड्याळ सुरू होतं. थंड पाण्यात काही तास ठेवला की तो फुगून जेलीसारखा होतो. मग एका भांड्यात गरम पाणी, त्यात दुसरं भांडं ठेवून तापवायचा. थेट विस्तवावर नाही. साधारण साठ अंशांच्या आसपास ठेवायचा. उकळू दिला की त्याची ताकद जाते, आणि पुन्हा पुन्हा तापवला तरी जाते. आपल्या उन्हात शिजवलेला सरस एक-दोन दिवसांत घाण मारायला लागतो. म्हणून रोज लागेल तेवढाच करायचा, भाकरीसारखा. त्याची परीक्षा हातावरच व्हायची. अंगठा आणि बोट यांमध्ये थेंब घेऊन ती उघडझाप करायची. थोड्या वेळात कापसासारखे बारीक धागे निघाले तर सरस जिवंत, नुसताच पाण्यासारखा ओला राहिला तर मेलेला.

सरसाच्या शिळेपणाला निदान वास तरी होता. तो नाकाला सांगायचा. पांढऱ्या गोंदाचं तसं नाही.

पांढरा गोंद म्हणजे पॉलिव्हिनाइल ॲसिटेट. १९१२ साली जर्मनीत फ्रिट्झ क्लाटे यांनी ते शोधलं. भारतात १९५९ साली बळवंतराय पारेख यांच्या कंपनीनं फेविकॉल बाजारात आणला, आणि सुतारांच्या हातातलं सरसाचं भांडं हळूहळू गेलं. शिजवायचा नाही, वास नाही, डबा उघडा आणि लावा. आता तर कुठल्याही पांढऱ्या गोंदाला लोक त्याच नावानं ओळखतात. मी वापरला तो कुणाचा होता हे सांगत नाही, कारण त्याचा इथे संबंध नाही. तारीख उलटलेला डबा मी तीन उन्हाळे पत्र्याखाली शिजवला, त्यात कुणा कंपनीचा काय दोष?

हा गोंद म्हणजे पाण्यात तरंगणारे प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण. म्हणून तो दुधासारखा पांढरा दिसतो. लाकडाला लावला की पाणी लाकडात आणि हवेत निघून जातं, कण एकमेकांना भिडतात, एकजीव होतात, आणि लाकडाच्या छिद्रांत मुरलेली एक अखंड चिवट पट्टी तयार होते. पांढरा रंग जाऊन ती पारदर्शक होते. डब्यात जुना होताना नेमकी हीच गोष्ट चुकीच्या जागी घडायला लागते. झाकण नीट न बसल्यानं पाणी उडतं, उष्णतेनं कण डब्यातच एकमेकांना धरून गोळा होतात. मग ते लाकडात मुरत नाहीत, वरच्या वर बसतात. थंड देशात राहणाऱ्यांनी उलट बाजूनं जपायचं. गोठून वितळलेला गोंद दह्यासारखा फुटू शकतो, आणि फार थंडीत लावला तर कण एकजीव होत नाहीत, सांध्यात खडूसारखी पांढरी भुकटी राहते.

अम्मीच्या हाताला प्लास्टर घातल्यानंतरच्या रविवारी मी माळ्यावरचा तो डबा खाली आणला. दोष माझा होता हे ठरलंच होतं, पण नेमका कुठे होता ते मला पाहायचं होतं. अब्बांच्या पेटीतून सागवानाचे चार तुकडे घेतले. दोन जुन्या गोंदानं चिकटवले. दोन बाजारातून आणलेल्या नव्या गोंदानं, डब्यावरची तारीख वाचून आणलेल्या. दोन्ही जोड्या सारख्याच आवळल्या आणि पूर्ण एक दिवस ठेवल्या. जुन्या गोंदाची जोडी हातोडीपर्यंत पोचलीच नाही. हातानं पिळली आणि सुटी झाली. आत तोच कांद्याचा पापुद्रा. नव्या गोंदाच्या जोडीवर तीन घाव घालावे लागले आणि लाकूड तिरकं फाटलं. सांधा जागच्या जागी होता.

माझी दुसरी चूकही तेव्हाच समजली. खुर्चीचा तो सांधा अब्बांनीही पांढऱ्या गोंदानंच जोडला होता. त्याचा वाळलेला थर मी न खरवडता त्यावरच नवा लेप दिला होता. सरस गरम करून सरसावर लावला तर जुना थर मऊ होतो आणि दोन्ही एक होतात, म्हणूनच जुनी वाद्यं उष्णता आणि ओल देऊन उघडता येतात आणि पुन्हा बंद करता येतात. पांढऱ्या गोंदाला ती सोय नाही. त्याला कोरं लाकूड लागतं. जुना थर पटाशीनं काढल्याशिवाय ताजा गोंदही नीट धरत नाही. शिळा गोंद आणि त्याखाली जुना थर. तो सांधा पाच आठवडे टिकला हेच नवल.

तेव्हापासून आमच्या घरी जी पद्धत आहे ती सांगून ठेवतो, कुणाच्या कामी येईल.

आधी तारीख. छापलेली मुदत ही बंद डब्याची आणि सावलीतल्या डब्याची असते. उघडलेला, उन्हात राहिलेला डबा त्याआधीच जाऊ शकतो. उलट, मुदत नुकतीच संपलेला, थंड जागी नीट बंद राहिलेला डबा चांगलाही निघतो. म्हणजे तारीख पाहून संशय घ्यायचा, निकाल द्यायचा नाही.

मग नाक. आंबूस किंवा कुजका वास आला, बुरशी दिसली, तर पुढे जायचंच नाही.

मग डोळे आणि काडी. वर थोडं पाणी सुटलं असेल आणि ढवळल्यावर पुन्हा एकजीव झालं, तर घाबरायचं कारण नाही. पातळ साय असेल तर ती काढून टाकावी, ढवळून आत मिसळू नये. काडी उचलल्यावर गोंद सलग धारेनं पडला तर ठीक. शेंबडासारखा तार धरून लोंबला, फाटलेल्या दुधासारखा गुठळ्यांचा झाला, तर तो संपला. पाणी घालून तो पातळ होतो, जिवंत होत नाही. ताज्या गोंदात चमचाभर पाणी घालणं निराळं आणि मेलेल्या गोंदाला पाणी पाजणं निराळं. लोखंडी डब्यात काढून ठेवलेला गोंद तांबूस किंवा करडा झाला असेल तर तोही सागवानाला लावू नये, लोखंडामुळे लाकडावर काळपट डाग पडतात. गोंद प्लास्टिकच्या किंवा काचेच्याच भांड्यात ठेवावा.

मग काच. खिडकीच्या काचेच्या तुकड्यावर पातळ थर ओढून एक दिवस ठेवायचा. चांगला गोंद सुकून पारदर्शक, चिवट होतो, वाकतो. बिघडलेला पांढराच राहतो, नखानं भुगा होतो.

आणि शेवटी अब्बांचे दोन तुकडे. वरच्या सगळ्या परीक्षांत पास झालेला गोंदही या एका परीक्षेत नापास होऊ शकतो. ही परीक्षा करायला एक रात्र लागते, म्हणून ती कुणी करत नाही. मीही केली नाही. शंभर-दीडशे रुपयांचा उरलेला गोंद वाया जाऊ नये म्हणून मी तो वापरला. इस्राफ, म्हणजे उधळपट्टी नको, हे आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेलं. पण अब्बा बिघडलेला गोंद फेकताना कधी कचरले नाहीत. गोंद फेकण्यात त्यांना उधळपट्टी दिसायची नाही. वाईट गोंदानं चांगलं सागवान जोडणं ही त्यांच्या लेखी उधळपट्टी.

एक गोष्ट मात्र मला राहून राहून नवल वाटायला लावते. डब्यात ज्या गोंदाचं आयुष्य वर्ष-दीड वर्ष, तोच गोंद वेळेवर सांध्यात गेला तर चाळीस वर्षं राहतो. अब्बांनी जोडलेले त्या खुर्चीचे बाकीचे सांधे अजून हललेले नाहीत. सरसाचं तर विचारूच नका. इजिप्तमध्ये तुतनखामनचं थडगं १९२२ साली उघडलं, तेव्हा सरसानं जोडलेलं लाकडी सामान तीन हजारांहून अधिक वर्षांनी बाहेर आलं. शिजवलेला सरस भांड्यात दोन दिवस टिकत नाही.

खुर्ची दुरुस्त करायला मी या वेळी अब्बांच्या हाताखाली शिकलेल्या एका मिस्त्रींना बोलावलं. आता तेही साठीचे आहेत. त्यांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "उस्तादांच्या घरात असं व्हायला नको होतं." मग दोघांनी बसून जुना थर खरवडला, कोरं लाकूड दिसेपर्यंत. कुसू थोडं सैल झालं होतं, त्यावर त्यांनी सागाची पातळ चकती चढवून ते खाचेत घट्ट बसेल असं तासलं. आदल्या रात्री चिकटवलेले तुकडे त्यांनी माझ्या मुलीला तोडायला दिले. लाकूड फाटलं. मग सांध्याला गोंद लावला, दोरी गुंडाळून काठीनं पीळ दिला आणि खुर्ची दोन दिवस कोपऱ्यात उभी ठेवली. डब्याच्या झाकणावर मी पेन्सिलीनं दोन तारखा लिहिल्या.

प्लास्टर निघाल्यावर अम्मीसमोर खुर्ची आणून ठेवली. ती लगेच बसली नाही. डाव्या हातानं पाठ धरून तिनं खुर्ची हलवून पाहिली. मग मला विचारलं, "तुकडे तोडको देखे क्या?"

मुलीनं तुटलेला तुकडा आणून तिच्या हातात दिला. अम्मीनं फाटलेल्या लाकडावरून अंगठा फिरवला, जिथे सांधा होता तिथे दोनदा. मग तुकडा माझ्याकडे दिला आणि खुर्चीवर बसली.